गोलंदाज बाळू पालवणकर

सायंकाळच्या वेळी पुण्याच्या कोणत्याही भागात जा. सिंहगडाच्या वाटेवरील धायरीस जा, किंवा जुन्या पेठांतील एखाद्या बोळात डोकावून पाहा. मुले क्रिकेट खेळताना आढळतील. यष्ट्या म्हणून तीन विटा रचलेल्या असतात आणि फळी बहुधा एकच असते. ज्याची फळी, तो प्रथम खेळणार, हा अशा खेळाचा अलिखित कायदा. ज्याच्यापाशी फळी नाही त्याने चेंडू टाकावा आणि चेंडूमागे धावावे. असे केवळ चेंडूच टाकीत राहणे किती जिवावर येते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल.

याच पुण्यात एक मुलगा होऊन गेला. त्याने कित्येक वर्षे दुसऱ्यांना चेंडू टाकले. पण त्याच्या हाती फळी मात्र कोणी दिली नाही. तो ज्या मैदानावर चेंडू टाकी, त्या मैदानाचा तो नोकर होता. पुढे हाच नोकर आपल्या काळातील हिंदुस्थानचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज ठरला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

पालवण हे कोकणात रत्नागिरी जिल्ह्यातील एक लहानसे गाव. पालवणकरांचे घराणे मूळचे तेथील. बाळूचा जन्म मात्र १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे चर्मकार समाजातील होते. त्या काळी या समाजास अस्पृश्य मानीत. सार्वजनिक पाणवठ्यावर त्यास पाणी भरू देत नसत, आणि देवळाच्या पायरीपाशी त्यास थांबावे लागे. पोटापाण्यासाठी बाळूचे वडील लष्कराच्या नोकरीत होते, त्यामुळे हे कुटुंब पुण्यास आले. पुणे ही इंग्रजांची मोठी छावणी होती. छावणीतील गोरे अधिकारी रोज सायंकाळी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेले झिजके चेंडू व मोडक्या फळ्या हेच बाळूचे व त्याचा धाकटा भाऊ शिवराम याचे पहिले खेळणे. उसवलेल्या शिवणीचा चेंडू आणि उघडे माळरान ही या भावांची क्रिकेटची पहिली शाळा होय.

घरची स्थिती बेताची असल्यामुळे बाळूस लवकरच कामास लागावे लागले. पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात त्यास नोकरी मिळाली. पगार महिना तीन रुपये. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे ही त्याची कामे. कधी एखाद्या सभासदास सरावासाठी गोलंदाज हवा असला, तर बाळूस हाक मारीत. तेथून १८९२ च्या सुमारास तो इंग्रजांच्या पूना क्लबात गेला. तेथे पगार एका रुपयाने वाढला, आणि त्याबरोबर कामही वाढले. खेळपट्टी तयार करावी, चुन्याच्या रेघा आखाव्यात, जाळी उभारावी, टेनिसच्या अंगणाची निगा राखावी, आणि हे सारे आटोपल्यावर साहेबांना चेंडू टाकावेत, असा त्याचा दिनक्रम असे.

बाळू डावऱ्या हाताने चेंडू टाकीत असे. त्याच्या चेंडूला फारसा वेग नसे. परंतु तो उंच तरंगत येई आणि फलंदाजास वाटावे त्याहून थोडा आधीच टप्पा घेई. टप्पा पडताच तो कधी फलंदाजाच्या अंगाकडून बाहेर वळे, तर कधी उलट दिशेने आत घुसे. वळणार कोणत्या बाजूस, हे बोटांवरून ओळखता येत नसे. शिवाय दिवसभर चेंडू टाकूनही टप्प्याची जागा चुकत नसे. ही अचूकता कोणा शिक्षकाने शिकविली नव्हती. जो माणूस रोज सकाळी खेळपट्टीवर रूळ फिरवितो, त्यास त्या मातीचा प्रत्येक उंचसखलपणा पाठ होतो. कोठे माती ओली आहे, कोठे भेग पडू पाहत आहे, दुपारी ती कशी वागेल, हे बाळूस हाताच्या रेषांप्रमाणे ठाऊक होते. नोकरीचे काम आणि कलेचे शिक्षण अशी दोन्ही त्याने एकाच मैदानावर साधली.

क्लबातील साहेबांत ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी होता. तो उत्तम फलंदाज म्हणून हिंदुस्थानभर प्रसिद्ध होता. इतर सभासद येण्यापूर्वीच तो मैदानावर येई आणि बाळूच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूने त्यास बाद केले म्हणजे तो प्रत्येक वेळी आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. चार रुपये पगाराच्या नोकरास आठ आणे ही काही लहान रक्कम नव्हती. आठ वेळा साहेबास बाद केले की महिन्याचा पगार सुटला! त्यामुळे बाळूची गोलंदाजी दिवसेंदिवस धारदार होत गेली आणि ग्रेगची फलंदाजीही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पूना क्लबात बाळूने हजारो चेंडू टाकले असतील. तथापि फळी हाती घेऊन खेळण्याची संधी त्यास तेथे कधीही लाभली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान समजला जाई. नोकराने चेंडू टाकावा, एवढेच त्याचे काम.

बाळूच्या गोलंदाजीची कीर्ती हळूहळू क्लबाच्या कुंपणाबाहेर गेली. त्या वेळी पुण्यात हिंदू खेळाडूंचा एक संघ होता, आणि पूना क्लबाच्या गोऱ्या संघास हरवावे ही त्याची मोठी आकांक्षा होती. गोऱ्यांना हरवू शकेल असा गोलंदाज याच शहरात आहे, हे संघाला दिसत होते. पण तो पडला अस्पृश्य! त्यास संघात घ्यावे की न घ्यावे, यावर वाद माजला. काहींना जिंकण्याची ओढ अधिक, तर काहींना विटाळाचे भय अधिक. अखेरीस जिंकण्याची ओढ वरचढ ठरली आणि बाळूंना संघात स्थान मिळाले.

या ठिकाणी त्या काळच्या समाजाचे एक विचित्र चित्र पाहावयास मिळते. क्रिकेटचा चेंडू हा सर्वांच्या हातांतून जातो. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक हाती घेई, त्याच्याकडून तो आणखी कोणाकडे जाई, आणि पुन्हा बाळूंकडे येई. मैदानावर या चेंडूचा विटाळ कोणासही होत नसे. परंतु चहाची वेळ झाली की सारे बदले. इतर खेळाडू मंडपात बसून कपबशीतून चहा घेत. बाळूंना मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या पेल्यातून चहा मिळे. जेवणाच्या वेळी त्यांचे ताट निराळे आणि बसण्याची जागाही निराळी. हातपाय धुण्यास पाणी हवे असल्यास तेही त्यांच्याच समाजातील नोकराने आणून घालावे, असा दंडक होता. ज्या हातांच्या जोरावर संघ जिंकत होता, त्याच हातांचा स्पर्श संघास नकोसा होता.

हे सारे बाळू निमूटपणे सोशीत होते. त्यांच्या मनात काय चालले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्यांनी या अपमानाचे उत्तर आपल्या चेंडूने दिले. त्यांच्या गोलंदाजीच्या बळावर पुण्याच्या हिंदू संघाने पूना क्लबाचा पराभव केला. पुढे सातारच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना ठरला. बाळूंचे चेंडू वळू नयेत म्हणून तेथील लोकांनी आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवून ती दगडासारखी टणक केली, असे सांगतात. परंतु ज्याने उभे तारुण्य रूळ ओढण्यात घालविले, त्यास खेळपट्टीने कसे फसवावे? बाळूंनी सात गडी बाद केले आणि हिंदू संघ विजयी होऊन परतला.

पुण्यात या विजयाचा मोठा गाजावाजा झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या थोर पुरुषाने बाळूंचा जाहीर गौरव केला. जो आपल्यासह खेळतो त्यास पंक्तीतून वगळणे योग्य नव्हे, असे न्यायमूर्तींनी खेळाडूंना समजाविल्याचे सांगतात. वर्षानुवर्षांची रूढी एका दिवसात मोडत नाही, हे खरे. तरी मैदानावरील एका विजयाने विचारी माणसांच्या मनात एक प्रश्न उभा केला. तो प्रश्न पुन्हा झोपी जाणार नव्हता.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि लवकरच ती पुण्यातही पसरली. घरे ओस पडली; माणसे गाव सोडून जाऊ लागली. त्याच सुमारास बाळू पुणे सोडून मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घ्यावे की नाही, यावर पुन्हा तोच जुना वाद निघाला. पुन्हा त्यांच्या गुणांनीच तो मिटविला. पुढे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळू लागले. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही क्रिकेटमध्ये पुढे आले. एकाच घरातील चार भावांनी मोठ्या सामन्यांत चमकावे, असा योग फार विरळा.

मुंबईतील मोठे सामने त्या काळी धर्मावार संघांत होत असत. युरोपियन, पारशी व हिंदू असे संघ होते. १९१२ पासून मुसलमानांचा संघही त्यांत आला आणि चौरंगी सामने सुरू झाले. खेळाडूंची अशी धर्मावार वाटणी करणे पुढे अनेकांना अयोग्य वाटू लागले, आणि १९४६ नंतर हे सामने कायमचे बंद पडले. परंतु बाळूंच्या काळी देशातील सर्वांत चुरशीचे क्रिकेट तेच होते. सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती माणसांचा समुद्र उसळे.

फेब्रुवारी १९०६ मधील सामना विशेष स्मरणीय ठरला. बंगालच्या फाळणीमुळे देशात स्वदेशीची चळवळ पेटली होती. अशा वेळी मुंबईच्या मैदानावर हिंदू संघ व युरोपियन संघ समोरासमोर आले. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या; युरोपियनांचा डाव १९१ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात हिंदू संघ १६० धावांत बाद झाला. आता युरोपियनांना विजयासाठी २१२ धावा हव्या होत्या. त्यांच्यातील नामांकित फलंदाज पाहता हे काम अशक्य नव्हते. पण बाळूंच्या बोटांतून चेंडू सुटू लागले आणि एकामागून एक साहेब मंडपाकडे परतू लागले. अवघ्या १०२ धावांत साराच संघ गारद झाला आणि हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. दोन्ही डावांत मिळून बाळूंनी आठ गडी बाद केले होते. ज्यांच्या मैदानावर त्यांनी महिना चार रुपयांवर रूळ ओढला, त्याच समाजाच्या संघाला त्यांनी भर मैदानात नमविले. शिवरामही या संघात होते.

१९११ साली हिंदुस्थानचा एक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग हे त्याचे कर्णधार होते. हिंदू, मुसलमान, पारशी व शीख खेळाडू एकाच संघातून परदेशी खेळण्यास निघाले. त्यांत बाळू व शिवराम हे दोघे बंधू होते. बाळूंचे वय तेव्हा पस्तीस वर्षांचे. गोलंदाजाच्या दृष्टीने ही ऐन उमेदीची वर्षे नव्हेत. शिवाय दौऱ्यात त्यांच्या खांद्यानेही त्रास दिला. महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक राहिले, आणि ते फार थोड्या सामन्यांत खेळले. परकी हवा, परक्या खेळपट्ट्या आणि बलाढ्य प्रतिस्पर्धी यांच्यापुढे संघाचे वारंवार पराभव झाले. एकंदर २३ सामन्यांपैकी सहा जिंकले, पंधरा गमावले व दोन अनिर्णित राहिले.

या पराभवांच्या रांगेत बाळूंची कामगिरी मात्र उठून दिसली. संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. त्यांतील ७५ गडी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी १०३ धावांत आठ गडी टिपले. लेस्टरशायर परगण्याविरुद्धच्या सामन्यात दोन्ही डाव मिळून त्यांनी अकरा गडी बाद केले आणि संघाला प्रथम श्रेणीतील पहिला विजय मिळवून दिला. त्यानंतर सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी शतक झळकाविले आणि दुसरा विजयही हाती आला. इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स हा त्या काळचा जगप्रसिद्ध डावखोरा गोलंदाज. जाणकार लोक बाळूंची तुलना त्याच्याशी करू लागले.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत दलित समाजाने बाळूंचा मोठा सत्कार केला. या सत्काराच्या वेळी दिलेले मानपत्र कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने लिहिले होते, असे बाळूंचे चरित्रकार सांगतात. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढे भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार झालेल्या या पुरुषास आपल्या उमेदीच्या काळात बाळूंचा मोठा अभिमान वाटे. जेथे सर्व दारे बंद आहेत, तेथे गुणाच्या बळावर एक दार उघडता येते, याचे प्रत्यक्ष उदाहरण बाळूंच्या रूपाने त्या समाजापुढे उभे होते.

परंतु एक दार अद्याप बंदच होते. हिंदू संघातील सर्वांत अनुभवी व सर्वांत यशस्वी खेळाडू बाळू होते. तरी संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. कर्णधार म्हणजे संघाचा पुढारी. त्याच्या आज्ञेत सर्वांनी राहावयाचे. बाळूंच्या चेंडूवर विसंबण्यास लोक तयार होते. त्यांच्या आज्ञेत राहण्यास मात्र त्यांचे मन होत नव्हते. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी, हा मान वास्तविक बाळूंचा आहे, असे एका समारंभात मोकळेपणाने सांगितले. असे सांगण्यास मनाचा मोठेपणा लागतो. तथापि निवड करणारांचा निर्णय बदलला नाही.

१९२० साली या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. त्या वर्षी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. पै आजारी पडल्यामुळे नवा कर्णधार नेमणे भाग पडले. तेव्हाही विठ्ठल यांचा अनुभव बाजूस ठेवून कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांना देण्यात आले. शिवराम व विठ्ठल या बंधूंना हे सहन झाले नाही. त्यांनी जाहीर पत्रक काढले आणि आपण संघातून बाहेर पडत आहोत, असे कळविले. जातीमुळे होणारा अपमान सोसून खेळावयाचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. या पत्रकाने सर्वत्र खळबळ उडाली. लोकमत भावांच्या बाजूने वळले. पुढच्या, पारशांविरुद्धच्या सामन्यात बंधू परत आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामना चालू असताना कर्णधार पै काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या खेळाडूच्या आयुष्यात हा मान इतक्या उशिरा आणि इतक्या अल्पकाळ आला.

बाळूंनी ज्यासाठी वाट पाहिली, ते त्यांच्या धाकट्या भावास मिळाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने त्याच वर्षी युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. विजयानंतर उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या तरुणांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. मातीच्या पेल्यापासून या खांद्यापर्यंतचा पल्ला सुमारे तीस वर्षांचा होता, आणि त्या वाटेवरील पहिली पावले बाळूंनी टाकली होती. पुढे विठ्ठलांनी आपल्या आठवणी ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकात लिहून ठेवल्या.

क्रिकेट सोडल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ साली पुण्याच्या येरवडा तुरुंगात महात्मा गांधींनी उपोषण आरंभिले, तेव्हा डॉ. आंबेडकर व गांधीजी यांच्यात समेट घडावा म्हणून जे लोक खटपट करीत होते, त्यांत बाळूही होते. अखेर त्या वर्षी २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. दलितांचा उद्धार कोणत्या मार्गाने व्हावा, याविषयी बाळू व डॉ. आंबेडकर यांची मते पुढे भिन्न झाली. १९३७ सालच्या निवडणुकीत तर मुंबईत हे दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले. बाळू काँग्रेसच्या वतीने लढले, आणि डॉ. आंबेडकर निवडून आले. मार्ग वेगळे असले, तरी मनुष्याला मनुष्याप्रमाणे वागविले जावे, ही दोघांची तळमळ एकच होती.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे देहावसान झाले. तत्पूर्वी पाच वर्षे भारताची राज्यघटना अमलात आली होती आणि तिने अस्पृश्यता कायमची रद्द केली होती. मंडपाबाहेर चहा देण्याची ती रीत आता कायद्याने गुन्हा ठरली होती.

बाळूंनी प्रथम श्रेणीचे केवळ ३३ सामने खेळून १७९ गडी बाद केले. ज्यास तरुणपणी कोणी फळी दिली नाही, त्याने एका डावात ७५ धावा करण्यापर्यंत मजल मारली. त्यांच्या काळी कसोटी सामने खेळण्याचा मान भारतास मिळाला नव्हता. तो मिळाला १९३२ साली. म्हणून आजच्या विक्रमांच्या याद्यांत त्यांचे नाव ठळकपणे दिसत नाही. परंतु माणसाची थोरवी केवळ आकड्यांनी मोजावयाची नसते. तो कोठून निघाला आणि वाटेत त्याने काय सोसले, हेही त्या मोजमापात धरावे लागते.

उद्या मैदानावर खेळावयास जाल, तेव्हा कडेला उभा राहून चेंडू आणून देणारा एखादा मुलगा तुम्हांस दिसेल. त्याच्या हाती एकदा फळी द्या. आणि तहान लागेल तेव्हा त्यालाही आपल्याच पेल्यातून पाणी द्या.